‘फास्ट’ कुठल्या जातीचा?

वाचकांच्या शंका : इंग्रजी व्याकरण

मागच्या अंकात शेवटी सहज एक ओळ टाकली होती, की इंग्रजी व्याकरणात काही अडत असेल तर लिहून पाठवा. वाटलं होतं दोन-चार पत्रं येतील. निपाणीपासून खानापूरपर्यंत एवढी आली की बायको म्हणाली, रिटायर कशाला झालात मग, जावा की परत शाळेत. बहुतेकांचं दुखणं एकच, अधोरेखित शब्दाची जात ओळखा आणि नाउन फॉर्म लिहा, हे दोन प्रश्न. सगळी पत्रं छापायला जागा नाही, दुसऱ्यालाही उपयोगी पडतील अशी घेतलीत. इंग्रजी शब्द देवनागरीतच लिहिलेत कारण पोरांना घरी शिकवणाऱ्या बऱ्याच आयांनी तसंच मागितलंय.

प्रश्न : मुलगी नववीत आहे, मराठी मीडियमला. टेस्टमध्ये ‘फास्ट’ हा शब्द तीन वाक्यांत आला होता, तिनं तिन्हीकडं ॲडजेक्टिव्ह लिहिलं, एक बरोबर आलं, दोन चुकली. ती म्हणते शब्द तोच आहे तर जात बदलेल कशी? मी सातवी शिकलेली, मला समजावता येईना. – एक आई, खानापूर तालुका

ताई, मुलीला ओरडू नका, शंका अगदी रास्त आहे तिची. आपण मराठीत ‘शब्दांच्या जाती’ म्हणतो ना, तिथंच घोळ होतो. जात म्हटली की आपल्या डोक्यात जन्माबरोबर चिकटलेलं आणि मेल्यावरच सुटणारं असलं काहीतरी येतं. इंग्रजी शब्दाचं तसं नसतं. या वाक्यात तो ज्या कामाला लागलाय ती त्याची तेवढ्यापुरती जात, पुढच्या वाक्यात काम बदललं की जात बदलली. माणसांच्या बाबतीत हे एवढं सोपं असतं तर काय पाहिजे होतं, असो.

आता ‘फास्ट’च घ्या. ‘धिस इज अ फास्ट बस’, इथं फास्ट बसबद्दल सांगतोय, आणि बस हे नाम, म्हणून फास्ट विशेषण, ॲडजेक्टिव्ह. ‘द बस गोज फास्ट’, इथं बस जाते कशी ते सांगतोय, म्हणजे जाण्याबद्दल, क्रियेबद्दल, म्हणून ॲडव्हर्ब. ‘माय मदर कीप्स अ फास्ट ऑन एकादशी’, इथं वेगाचा काही संबंधच नाही, आई उपवास धरते, फास्ट म्हणजे उपवास, तो झाला नाउन. आणि पेपरात नसलं तरी चौथं पण सांगून ठेवतो, ‘शी फास्ट्स ऑन एकादशी’, ती उपवास करते, आता तोच फास्ट क्रियापद झाला. एक शब्द, चार कामं.

मुलीला एक सवय लावा. ‘कसा, कशी’ एवढंच विचारून थांबायचं नाही, कारण मराठीत ‘बस कशी?’ पण विचारता येतं आणि ‘बस कशी जाते?’ पण येतं, पोरं तिथंच फसतात. ‘कुणाबद्दल सांगतोय?’ हे विचारायचं. वस्तूबद्दल, माणसाबद्दल असेल तर ॲडजेक्टिव्ह, क्रियेबद्दल असेल तर ॲडव्हर्ब.

नाउन ओळखायला तर तुमची सातवीची मराठी भरपूर झाली. शब्दाचा त्या वाक्यातला अर्थ मराठीत करा आणि त्याला ला, ने, चा, त लावून बघा. उपवासाला, उपवासाने, उपवासाचा, बसतंय की नाही? मग नाउन. आता कुणी हुशार पोरगी म्हणेल, सर ‘गरीब’ हे विशेषण आहे पण आपण ‘गरिबाला मदत करा’ म्हणतोच की. बरोबर, पण तिथं गरीब म्हणजे गरीब माणूस, तो नामाचंच काम करूलालाय. इंग्रजीतही ‘हेल्प द पुअर’ म्हणतात तेव्हा पुअर नाउनच्या खुर्चीत बसलेला असतो.

जाता जाता, या फास्टचा मूळ अर्थ वेग नव्हेच, घट्ट, पक्का. शहापूर-वडगावकडं साडी घेताना आपण विचारतो ना, कलर फास्ट आहे काय, तो खरा जुना अर्थ, न सुटणारा. उपवासाचा फास्ट पण त्यातलाच, नेम घट्ट धरणं. सकाळी तो मोडला की ब्रेकफास्ट.

हे सगळं मी शहाण्यासारखं सांगतोय खरं, पण परवाच आमच्याकडं याची फजिती झाली. समोरच्या घरातलं आठवीतलं पोरगं वही घेऊन आलेलं, दिवसभर पाऊस, साडेसातच्या सुमाराला करंट गेला. चार्जिंगची बॅटरी मध्ये ठेवून आम्ही दोघं बसलो आणि पोरगं खुदकन हसलं, म्हणालं, ‘‘सर, पुढचा शब्द करंटच आहे की.’’ वाक्य होतं, ‘व्हॉट इज द करंट प्राइस ऑफ ऑनियन्स?’ पठ्ठ्यानं बिनधास्त नाउन लिहिलं. मी विचारलं का रे, तर म्हणाला करंट म्हणजे लाइट, वस्तूच की ती, आणि आधी ‘द’ पण आहे, तुम्हीच सांगितलंय ‘द’ आला की नाउन. आता काय बोलणार. मीच शिकवलेलं मलाच आडवं आलं. मग म्हटलं, कांद्यात करंट असतंय काय रे? खूप हसला. मग बॅटरी जवळ ओढून परत वाचलं त्यानं, बोट ठेवून ठेवून. ‘द’ कुणाचा आहे? करंटचा नव्हे, प्राइसचा. ‘द प्राइस’ हे मुख्य, मध्ये करंट घुसलाय आणि सांगतोय कुठली प्राइस, तर सध्याची. मग ॲडजेक्टिव्ह. त्यानं एवढ्या जोरात खोडलं की कागद फाटला.

म्हणून ‘अ, द, माय आला की नाउन’ हा नियम अर्धाच आहे. ‘द’ दिसला की पुढं नाउन येणार हे नक्की, पण लगेच पुढचाच शब्द नाउन असेल असं नाही. मधले शब्द काढून बघायचे. ‘द प्राइस’ उरतं, अर्थ लागतो. ‘द करंट’ एवढंच ठेवलं तर कांदा आणि शॉक एकत्र येतात. उलट मलप्रभेला पूर आला आणि ‘द करंट इज स्ट्राँग’ म्हटलं तर तिथं करंट म्हणजे पाण्याची ओढ, तो नाउन, दुसरं कोण नाहीच तिथं ‘द’ घ्यायला.

प्रश्न : पार्ट्स ऑफ स्पीच आठ की नऊ? आमच्या वेळी आठ होते. आता काही पुस्तकांत नऊ दिसतात, कुठं कुठं दहा पण. मुलांना काय सांगायचं? – ट्यूशन घेणारे एक वाचक, निपाणी

पुस्तकात जेवढे असतील तेवढे सांगा, भांडण नको. पण तुम्ही शिकवणारे आहात म्हणून आतली गोष्ट सांगतो.

आठ हा आकडा फार जुना. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात डायोनिसियस थ्रॅक्स नावाच्या ग्रीक व्याकरणकारानं ग्रीक भाषेच्या आठ जाती केल्या. त्याच्या आठांत ‘द’सारखं आर्टिकल होतं पण ‘अरेरे, वा’ म्हणणारं इंटरजेक्शन नव्हतं, आणि विशेषण वेगळं नव्हतंच, ते नामातच धरलेलं. पुढं लॅटिनवाल्यांनी तेच उचललं. लॅटिनमध्ये आर्टिकल नाही, मग एक जागा रिकामी पडली, तिथं इंटरजेक्शन बसवलं. इंग्रजीत येईपर्यंत विशेषण नामातून वेगळं निघालं, थ्रॅक्सनं वेगळं धरलेलं पार्टिसिपल, म्हणजे ‘वाहतं पाणी’मधल्या ‘वाहतं’सारखं रूप, ते क्रियापदात गेलं. म्हणजे वडापच्या जीपसारखं झालं, सीट आठच, चढणारे-उतरणारे बदलत गेले.

आपल्याकडं जुन्या काळी संस्कृतच्या यास्कानं चारच केल्या होत्या, नाम, आख्यात म्हणजे क्रियापद, उपसर्ग आणि निपात म्हणजे च, वा असली अव्ययं. मराठीच्या आठ जाती तिथून आलेल्या नाहीत. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं, आणि त्या काळापासून आपलं शालेय व्याकरण इंग्रजीच्या वळणावर बेतलेलं आहे. म्हणूनच आपल्या आठ आणि त्यांच्या आठ एवढ्या जुळतात, योगायोग काही नाही त्यात.

नववा कोण? बहुतेक वेळा डिटर्मिनर. ‘अ, द, धिस, माय, सम’ ही मंडळी पूर्वी विशेषणातच कोंबलेली होती, पण ती वागतात वेगळी. ‘व्हेरी बिग’ होतं, ‘व्हेरी माय’ होत नाही. ‘बिग रेड बस’ चालतं, ‘द माय बस’ चालत नाही. म्हणून नव्या पुस्तकांनी त्यांना वेगळी सीट दिली, आणि मला विचाराल तर बरोबर केलं. जुन्या पद्धतीच्या पेपरात मात्र ‘माय’ आला तर पझेसिव्ह ॲडजेक्टिव्ह लिहायला लावा आणि ‘माइन’ आला तर प्रोनाउन.

प्रश्न : ‘ली’ शेवटी असलं की ॲडव्हर्ब, हा नियम बरोबर आहे ना? – एक विद्यार्थिनी, अनगोळ

नाही बाळ. आणि हा चुकीचा नियम पसरवणाऱ्यांत मी पण आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीच फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, ‘ली म्हणजे ॲडव्हर्ब’. वर्षअखेरच्या पेपरात ‘फ्रेंडली’ आला, निम्म्या वर्गानं ॲडव्हर्ब लिहिलं, आणि पेपर तपासणारा पण मीच. लाल पेनानं स्वतःचीच चूक गोल करत बसलो होतो रात्रीपर्यंत. शेवटी सगळ्यांना मार्क दिले.

युक्ती अशी, ‘ली’ काढल्यावर काय उरतं ते बघ. ‘स्लोली’तून ‘स्लो’ उरतो, विशेषण, म्हणून स्लोली ॲडव्हर्ब. ‘फ्रेंडली’तून ‘फ्रेंड’, ‘लव्हली’तून ‘लव्ह’, ‘कॉस्टली’तून ‘कॉस्ट’, ही तर नामं, म्हणून ते शब्द विशेषणं. ‘डेली’ दोन्हीकडं चालतो. आणि ‘हार्ड’चा ॲडव्हर्ब ‘हार्ड’च असतो, ‘हार्डली’ म्हणजे जेमतेम, क्वचितच. ‘आय हार्डली स्टडीड’ असं सरांना लिहून दिलंस तर अभ्यास केलाच नाही अशी कबुली होईल ती.

प्रश्न : मी भरतीची तयारी करतोय, इंग्लिशच्या पेपरात नाउन फॉर्मचे प्रश्न असतात. क्लासमध्ये दोनशे शब्दांची यादी दिलीय, पाठच होत नाहीत. शन, मेंट, नेस, इटी, कुणाला काय लावायचं याला काही लॉजिक आहे का नुसता अंदाज? – येळ्ळूर

मित्रा, लॉजिक आहे. पूर्ण नाही, पण दोनशेतले दीडशे तरी पाठ करायचे वाचतील.

आधी मराठीकडं बघ. ‘मोठा’चं भाववाचक नाम काय? मोठेपणा. ‘मोठता’ म्हणशील काय? नाही. ‘सुंदर’चं सुंदरता किंवा सौंदर्य. ‘शहाणा’चं शहाणपण, ‘शहाणत्व’ म्हटलास तर गावात हसतील. ‘गरीब’चं गरिबी. हे तुला कुणी पाठ करून घेतलं? कुणीच नाही. पण त्यात नियम आहे. संस्कृतातून आलेल्या शब्दाला ता, त्व लागतं, घरच्या शब्दाला पण, पणा, वा लागतं, आणि फारसीकडून आलेल्याला बहुतेक ई. शेपूट कुठलं लागणार ते शब्द कुठल्या घरातून आला त्यावर ठरतं. आपल्याकडं कन्नडमध्ये पण बघ, ‘दोड्डतन’, ‘कळ्ळतन’, ‘बडतन’, ते ‘तन’ म्हणजे आपलं ‘पण’च की. बडतन म्हणजे गरिबी, बाजारात रोज ऐकत असशील.

इंग्रजीत पण असंच दोन घरांचं भांडण आहे. १०६६ मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, मग दरबारात, कोर्टात फ्रेंच आली, आपल्याकडं कचेरीत फारसी येऊन अर्ज, वकील, फिर्याद ठेवून गेली तसं. त्यामुळं इंग्रजीत घरचे शब्द वेगळे आणि फ्रेंच-लॅटिनमधून आलेले साहेबी शब्द वेगळे, दोघांची शेपटं पण वेगळी.

घरचे म्हणजे छोटे, रोजच्या वापरातले. काइंड, डार्क, सॅड, गुड, हॅपी. यांना ‘नेस’. काइंडनेस, डार्कनेस, हॅपीनेस. साहेबी म्हणजे लांबलचक, ऑफिसात वापरायचे. पंक्च्युअल, पॉसिबल, एबल, पब्लिक. यांना ‘इटी’. पंक्च्युॲलिटी, पॉसिबिलिटी, ॲबिलिटी, पब्लिसिटी. शेवटी ‘एबल’ किंवा ‘इबल’ दिसला की डोळे झाकून ‘बिलिटी’ कर, बहुतेक वेळा बरोबर येतंय.

क्रियापदांचं पण तसंच. ‘एट’वर संपणारे ‘शन’कडं जातात, एज्युकेट-एज्युकेशन, ट्रान्सलेट-ट्रान्सलेशन. ‘इफाय’वाले ‘इफिकेशन’कडं, क्वालिफाय-क्वालिफिकेशन. ‘मेंट’ला एकदम पक्का नियम नाही, डेव्हलप, ॲग्री, पे, मॅनेज हे त्याच्याकडं जातात, तेवढे वापरून वापरूनच बसतात. ‘अरायव्ह, रिफ्यूज, अप्रूव्ह’ यांना ‘अल’, अरायव्हल, रिफ्यूजल, अप्रूव्हल. इथं जपून, कारण ‘अल’ नॅशनल, मेंटलमध्ये पण असतं आणि ती विशेषणं.

मग एक जुनी टोळी आहे, ती मापं मोजणारी. लाँग-लेंग्थ, स्ट्राँग-स्ट्रेंग्थ, वाइड-विड्थ, डीप-डेप्थ, ब्रॉड-ब्रेड्थ. मधला आवाज बदलतो आणि शेवटी ‘थ’ येतो. फक्त ‘हाय’चं ‘हाइट’, तिथं ‘थ’ नाही, पेपर काढणाऱ्यांचा लाडका शब्द तो. ट्रू-ट्रूथ, ग्रो-ग्रोथ, डाय-डेथ पण याच टोळीतले. हे सगळे घरचे म्हातारे, यांचं पाठच करावं लागतं. सेल-सेल देवनागरीत लिहायला एकच, पण विकणे या क्रियापदात ‘ई’ आणि दोन ‘एल’, विक्री या नाउनमध्ये ‘ए’ आणि शेवटी ‘ई’. प्राउड-प्राइड, हॉट-हीट, थिंक-थॉट, लूज-लॉस, चूज-चॉइस, वाइज-विजडम, लाफ-लाफ्टर हे पण यादीत ठेव. ‘पुअर’चं विचारलं तर ‘पॉव्हर्टी’ लिही, ‘पुअरनेस’ हा शब्द आहे, पण तो एखाद्या कामाचा दर्जा वाईट असला तर वापरतात, बडतनाला नव्हे.

दोन घरं मिसळतात पण कधी कधी. ‘स्टार्व्ह’ हा अस्सल इंग्रजी शब्द, त्याला लॅटिन शेपूट लावून ‘स्टार्वेशन’ केलं. आपली ‘दादागिरी’ तशीच, दादा आपला आणि गिरी फारसी. चाललं, रुळलं, कोण काय बोलणार.

आता स्पेलिंग, मार्क जातात ते इथंच. ‘ॲडव्हाइज’ करणे हे क्रियापद ‘एस’वालं, ‘ॲडव्हाइस’ म्हणजे सल्ला हा ‘सी’वाला. ‘एक्स्प्लेन’मधला ‘आय’ ‘एक्स्प्लनेशन’मध्ये गळतो. ‘प्रोनाउन्स’मधला दुसरा ‘ओ’ ‘प्रोनन्सिएशन’मध्ये गळतो, मास्तर लोक पण चुकतात यात. ‘मेंटेन’चं ‘मेंटेनन्स’, तिथं ‘टेन’चं स्पेलिंग ‘टी-ई-एन’ होतं. ‘रिसिव्ह’चं ‘रिसीट’, त्यात न बोलणारा ‘पी’ बसलेला असतो. हे मात्र लिहून लिहूनच बसणार, रोज दहा. वाचून पाठ झालं असं वाटतं, लिहायला घेतलं की हात अडतो.

प्रश्न : ‘आयएनजी’ लागलेला शब्द व्हर्ब असतो की नाउन? दोन गाइडमध्ये दोन उत्तरं आहेत. – टिळकवाडी

टिळकवाडीतले आहात म्हणजे व्हॅक्सिन डेपोच्या मैदानाकडं सकाळी फिरायला जात असालच, तिथलंच उदाहरण देतो. कुणी भेटलं की आपण काय म्हणतो? ‘‘वॉकिंगला आलो होतो.’’ वॉकिंगला! ‘ला’ लावला की नाही? मग तुम्हीच त्याला नाउन करून टाकलंय, गाइड कशाला पाहिजे.

मराठीत तीन रूपं वेगळी दिसतात म्हणून आपल्याला खरं तर सोपं आहे. ‘चालणं चांगलं’, इथं ‘णं’, हा नाउन, ‘वॉकिंग इज गुड’. ‘तो चालतोय’, इथं क्रियापद, ‘ही इज वॉकिंग’. तिसरं थोडं नाजूक. ‘रनिंग वॉटर’ म्हणजे वाहतं पाणी, पाणी स्वतः वाहतंय, तिथं रनिंग विशेषणाचं काम करतो, त्याला पार्टिसिपल म्हणतात. ‘वॉकिंग स्टिक’ म्हणजे चालती काठी काय? काठी कुठं चालते, ती चालायची काठी, चालण्यासाठीची. तिथं वॉकिंग मुळात नाउनच, गेरंड. मराठीत ‘तं’ आलं की पार्टिसिपल, ‘यची’ किंवा ‘ण्यासाठी’ आलं की गेरंड. तुमच्या दोन गाइडांत बहुतेक याच शब्दावरून मतभेद असणार, माझं मत गेरंडवाल्या गाइडच्या बाजूनं.

आणि ‘आधी इज आला म्हणजे क्रियापद’ यावर जाऊ नका. ‘माय हॉबी इज रीडिंग’. छंद बसून पुस्तक वाचूलालाय काय?

प्रश्न : मी बोर्ड रंगवतो. एका गिऱ्हाइकाला ‘फर्निचर्स’ असं शेवटी ‘एस’ लावून पाहिजे, म्हणतो माझ्याकडं खूप फर्निचर आहे, एकच नाही. त्याचा मुलगा म्हणतो चूक. रंग वाळायच्या आत सांगा. – शहापूर, बेळगाव

मुलगा बरोबर आहे. कितीही सोफे भरा, फर्निचर ते फर्निचरच. इंग्रजी त्याला ढीग समजते, नग समजत नाही. इन्फर्मेशन, लगेज, ॲडव्हाइस, मशिनरी ही पण तसलीच, ‘एस’ नाही लागत. नग मोजायचे तर ‘अ पीस ऑफ फर्निचर’.

गिऱ्हाईक अडून बसला तर त्याला आपलंच सांगा. आपण ‘इंद्रायणी तांदूळ महाग झाले’ म्हणतो, गहू आले, पोहे झाले, केस गळले, सगळं अनेकवचन. पण तेच तांदूळ शिजले की ‘भात झाला’, एकदम एकवचन. दाणा तोच आहे, चुलीवर गेला आणि ढीग झाला. इंग्रजीत राइस कच्चा असो की शिजलेला, एकवचनच, आणि डोक्यावरचे हेअर पण. कुठल्या वस्तूला नग मानायचं आणि कुठल्याला ढीग, हे ज्याच्या त्याच्या भाषेचं असतं, भांडून बदलत नाही.

आणि ‘एस’ पाहिजेच असेल त्याला, तर ‘ऑल टाइप्स ऑफ फर्निचर’ लिहा. ‘एस’ टाइपला लागला, बोर्ड पण भरल्यासारखा दिसेल, गिऱ्हाईक खूश, पोरगं पण खूश. जागेचे पैसे वाढवून घ्या.

प्रश्न : मी बेंगळुरूला जॉबला आहे, मूळचा बेळगावचा. ऑफिसच्या ग्रुपवर ‘आय ॲम गोइंग टू होम’ टाकलं तर सीनियरनं सगळ्यांसमोर ‘टू’ काढायला सांगितलं. ‘गोइंग टू ऑफिस’ चालतं मग ‘टू होम’ का नाही? होम नाउन नाही काय?

नाउन आहे, पण या वाक्यात नाही. इथं तो ॲडव्हर्ब आहे, हिअर, देअर, अब्रॉड यांच्या रांगेतला. ‘गो टू देअर’ म्हणत नाही ना, तसंच.

आपण मराठीत काय म्हणतो बघा. ‘ऑफिसला जातो’, ‘बाजारला जातो’, पण ‘घराला जातो’ नाही, ‘घरी जातो’. ‘गावी जातो’. त्या ‘घरी’च्या आतच ‘ला’ मुरलेला आहे, वेगळा लावावा लागत नाही. इंग्रजीतला हा होम म्हणजे आपलं ‘घर’ नव्हे, आपलं ‘घरी’. मराठीतून विचार केला असतात तर चुकला नसता. तुम्ही बहुतेक कन्नडच्या वळणानं गेलात, तिथं ‘मनेगे’ म्हणतात, ‘गे’ म्हणजे ‘ला’, आणि त्या ‘गे’चा ‘टू’ झाला. दिवसभर कन्नड बोलणाऱ्या ऑफिसात बसल्यावर होणारच, त्यात लाजायचं काय. तसंही मराठी आणि कन्नड दोन्ही हे शेपूट मागून लावतात, बेळगावला, बेळगावीगे, आणि इंग्रजी मात्र पुढं, टू बेळगाव. प्रिपोझिशनमधल्या ‘प्रि’चा अर्थच आधी.

‘माय’ आला तर मात्र होम परत नाउन होतो आणि ‘टू’ पण परत येतो, ‘कम टू माय होम’. ‘ॲट होम’मध्ये पण नाउनच.

ग्रुपवर ‘गोइंग होम’ एवढंच टाका आणि शुक्रवारी रात्रीची राणी चन्नम्मा एक्सप्रेस पकडा.